मधल्या वादकाचा कीबोर्ड कुठे आहे? अरेंजर कीबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
यामाहा, कॉर्ग, कॅसिओ, रोलँड आणि अरेंजर कीबोर्ड बनवणाऱ्या इतर सर्व कंपन्या,
तसेच त्यांची भारतातील कार्यालये

सप्रेम नमस्कार.

2019 मध्ये यामाहाने पीएसआर-एसएक्स700 आणि एसएक्स900 हे मधल्या गटातले अरेंजर, म्हणजे डाव्या हाताने धरलेल्या कॉर्डवर (एकत्र दाबलेल्या सुरांवर) आपोआप साथ देणारे कीबोर्ड, बाजारात आणले. दोन्ही 61 कीजचे. पुढच्या फेरीत तरी 76 कीजचा पर्याय येईल, या आशेवर आमच्यासारखे वादक थांबले. 2024 मध्ये त्यांच्या जागी एसएक्स720 आणि एसएक्स920 आले. आवाज सुधारले, मेमरी वाढली, कीज मात्र पुन्हा 61च. त्या बातमीनंतर हे पत्र लिहायचं ठरवलं. पण ते एकट्या यामाहासाठी नाही. तुम्हा सर्वांच्या यादीत मधल्या वादकासाठीची हीच फट वेगवेगळ्या जागी दिसते, आणि तिची किंमत आम्ही मोजतो.

मी मिरजेत राहते. भावगीतांचे कार्यक्रम, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळाची साथ, लग्नाच्या आदल्या रात्रीचं संगीत, अशा सगळ्या ठिकाणी कीबोर्ड वाजवते आणि संध्याकाळी मुलांना शिकवते. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा म्हटलं की पूर्वी दहा-बारा माणसांचा ताफा असायचा. आता आयोजकाचं बजेट तीन-चार जणांचं असतं: दोन गायक, एक ढोलकी किंवा ऑक्टोपॅडवाला आणि एक कीबोर्ड. बेस, गिटार, व्हायोलिनचा ताफा, मधल्या म्युझिकमधली सनई, बासरी, अकॉर्डियन हे सगळं त्या एका कीबोर्डमधून यावं लागतं. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, वाद्याने त्या कॉर्डप्रमाणे साथ उभी करायची आणि उजव्या हाताने गाण्याचे तुकडे वाजवायचे, हे अरेंजरचं काम. तालवादकाची जागा यंत्राने घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही. माझ्या कार्यक्रमात ढोलकी असते तेव्हा मी रिदम बंद ठेवते. पण बाकीचा ताफा परत येणार नाही, हे वास्तव आहे. म्हणून अरेंजर माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही. माझं घर त्याच्यावर चालतं.

आता 61 कीजचा हिशेब मांडते. तुमच्यातल्या ज्यांनी स्टेजवर बसून हे वाद्य वाजवलेलं नाही, त्यांनी तो जरूर वाचावा. यामाहाच्या वाद्यात डाव्या हाताची हद्द नेहमीच्या सेटिंगला दुसऱ्या सप्तकातल्या एफ शार्पपर्यंत असते. म्हणजे खालच्या 19 कीज कॉर्डसाठी गेल्या. उरल्या 42. साडेतीन सप्तकांच्या पेटीला असतात तेवढ्याच. एकच आवाज वाजवायचा असेल तर तेवढ्या पुरतात. पण जुन्या मराठी गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये व्हायोलिनच्या ओळीला बासरी उत्तर देते, आणि ते उत्तर पुढच्याच मात्रेला यायचं असतं. आवाज बदलायचं बटण दाबायला वेळ नसतो. म्हणून आम्ही उजव्या हाताची जागा पुन्हा दोन भागांत तोडतो: खाली व्हायोलिन, वर बासरी. मग प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पावणेदोन सप्तकं येतात. बासरीची ओळ तार सप्तकात चढली की हात वाद्याच्या कडेला लागतो. त्यात गायिकेची पट्टी काळी चार आणि पुढचा गायक पांढरी एकमध्ये गाणारा असला, की आधी आखलेल्या हद्दी पुन्हा हलवाव्या लागतात, तेही दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलत असताना.

76 कीजच्या वाद्यात खाली 8 आणि वर 7 कीज वाढतात. एवढंच. पण त्या 15 कीजमुळे कॉर्डचा हात खाली सरकतो आणि वर दोन आवाज सुखाने नांदतात. मी पियानोच्या 88 कीज मागत नाही.

पहिली तक्रार म्हणूनच या 76 कीजची आहे. त्या तुम्हाला बनवता येत नाहीत असं नाही. यामाहाच्या शिकाऊ गटात पीएसआर-ईडब्ल्यू310 आणि ईडब्ल्यू425 हे 76 कीजचे आहेत. सर्वांत वर जीनोस 2 आहे, तोही 76 कीजचा. मधल्या संपूर्ण एसएक्स मालिकेत मात्र सगळे 61. ज्याने नुकतं शिकायला घेतलं त्याला रुंद वाद्य मिळतं, ज्याच्याकडे लाखो रुपये आहेत त्यालाही मिळतं, आणि जो आठवड्याला कार्यक्रम करून पोट भरतो त्यालाच ते नाही. ही मांडणी कोणाच्या गरजा पाहून केली, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

वरच्या टोकालाही दुसऱ्या बाजूने हेच झालं आहे. यामाहाचा 2013 चा टायरॉस 5 हा 61 आणि 76 अशा दोन्ही मापांत मिळत होता. 2017 मध्ये जीनोस आला तो फक्त 76 मध्ये, आणि 2023 चा जीनोस 2 सुद्धा तसाच. ज्यांना उत्तम आवाज हवेत पण लहान वाद्य हवं, त्यांचा पर्याय त्या दिवशी बंद झाला.

कॉर्गकडे तर माझी तक्रार जास्त आपुलकीची आहे, कारण तुम्ही हे करून दाखवलं होतं. 2014 मध्ये तुम्ही पीए3एक्स एलई आणला. 76 कीज, आत स्पीकर नाहीत, किंमत वरच्या मॉडेलपेक्षा कमी. स्टेजवरच्या माणसाला स्पीकर लागतच नाहीत, आवाज मिक्सरमधून जातो. इतका शहाणा विचार करून बनवलेलं वाद्य तुम्ही बंद केलंत आणि 2017 मध्ये मधल्या गटात पीए700 आणि पीए1000 दिलेत, दोन्ही 61 कीजचे. पुढे 2022 मध्ये पीए5एक्स हा 61, 76 आणि 88 अशा तीन मापांत काढलात. एकच मेंदू तीन अंगांत बसवता येतो, हे तुमच्याच कारखान्याने सिद्ध केलं. मग ही निवड फक्त सर्वांत महाग मॉडेल घेणाऱ्यालाच का?

रोलँडने 2012 मध्ये बीके-9 दिला होता, 76 कीजचा. 2015 चा ई-ए7 हा 61 कीजचा. कॅसिओच्या डब्ल्यूके मालिकेत 76 कीज होत्या. आजच्या सीटी-एक्स मालिकेत, भारतासाठी काढलेल्या मॉडेलांसह, सगळे 61 आहेत.

आता किमतीकडे येते. दुकानागणिक भाव बदलतो, म्हणून ढोबळ आकडेच देते. भारतीय आवाज असलेला यामाहाचा पीएसआर-आय500 हा 20 ते 25 हजारांच्या आसपास मिळतो. कॅसिओचा सीटी-एक्स9000आयएन त्याच्या थोडा वर, 30 ते 40 हजारांच्या दरम्यान. त्यानंतर खरा अरेंजर म्हणावा असा एसएक्स600 थेट 70-80 हजारांवर जातो. त्याच्या वर एसएक्स मालिकेची मोठी मॉडेलं लाख-दोन लाखांच्या घरात आणि जीनोस 2 त्यांच्याही दुपटीच्या पलीकडे. मधल्या 50-60 हजारांच्या पट्ट्यात जवळपास काहीच नाही. आणि ग्रामीण, निमशहरी वादक साधारण तिथेच पोचतो. पाच-सहा वर्षं शिकाऊ कीबोर्डवर कार्यक्रम करून, पैसे साठवून, थोडं कर्ज काढून तो 50-60 हजारांपर्यंत येतो.

माझ्याकडे शिकलेला एक मुलगा आता भजनी मंडळांना साथ करतो. त्याच्या वडिलांनी दूध घालून पैसे साठवले आणि आम्ही तिघे कीबोर्ड घ्यायला गेलो. दुकानदाराने त्या किमतीत सिंथेसायझर दाखवला. आवाज सुंदर होते. पण डाव्या हाताच्या कॉर्डवर चालणारी साथ त्यात नव्हती, आणि त्या मुलाला नेमकी तीच हवी होती. दुकानदाराचा यात दोष नाही, त्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतंच. मुलगा आजही जुन्या शिकाऊ कीबोर्डवर वाजवतो आहे. त्याची पुढची पायरी तुम्ही बांधलेलीच नाही.

करांचा भाग तुमच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. वाद्यांवरचा जीएसटी नोव्हेंबर 2017 मध्ये 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तो आणखी कमी व्हावा असं मलाही वाटतं, आणि आयात शुल्काचा प्रश्न वेगळा आहेच. त्यासाठी सरकारला वेगळं पत्र लिहीन. पण कर स्वस्त-महाग सगळ्याच मॉडेलांवर लागतो. मधलं मॉडेल कराने नाहीसं झालेलं नाही, ते तुम्ही आखलंच नाहीत.

वजन आणि लांबी यांबद्दल बोलताना कंपन्या नेहमी घरातल्या दिवाणखान्याचा विचार करतात असं मला वाटतं. माझा कीबोर्ड एसटीने फिरतो. एसएक्स900 हे वाद्य सुमारे 1 मीटर लांब आणि साडेअकरा किलोचं. जाड बॅग, स्टँड, पेडल, अ‍ॅडॉप्टर धरून हा बोजा सहज अठरा-वीस किलोंवर जातो. आटपाडीला किंवा पंढरपूरला कार्यक्रम करून पहाटे परतताना बसच्या दारातून तो चढवायचा असतो. वादक म्हणजे अंगापिंडाने दणकट पुरुषच, असं समजून हे वाद्य घडवलेलं दिसतं. माझ्या क्लासमध्ये निम्म्या मुली आहेत. त्यातल्या किती जणी पुढे स्टेजवर टिकतील याचा विचार करते, तेव्हा घरच्यांची परवानगी, रात्रीचा प्रवास, मानधन या अडचणींच्या रांगेत मला वाद्याचं वजनही दिसतं. पहिल्या तीन अडचणी तुम्ही सोडवू शकत नाही. चौथी सोडवू शकता.

कारण हलकं वाद्य बनवणंही तुम्हाला येतं. कॅसिओचा सीटी-एस200 हा पूर्ण मापाच्या 61 कीजचा असून जेमतेम सव्वातीन किलोंचा आहे. पण त्याच्यात घरगुती सरावापुरताच मसाला भरलेला आहे. कॉर्गने मायक्रोअरेंजर काढला होता. लहान मापाच्या कीज, पण आत गंभीर अरेंजरचं डोकं. म्हणजे हलकं अंग एका ठिकाणी तयार आहे आणि चांगलं डोकं दुसऱ्या ठिकाणी. ती दोन्ही एकत्र आणणारं, पूर्ण मापाच्या 49 किंवा 61 कीजचं, पाच-सहा किलोंचं वाद्य एसएक्स मालिकेतही नाही आणि कॉर्गच्या पीए मालिकेतही नाही. भजनी मंडळाच्या साथीला 49 कीज पुष्कळ होतात. कीर्तनात जागाच एवढी असते की पेटीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं, तिथे मीटरभर लांबीचं वाद्य ठेवायचं कुठे?

भारतीय आवाजांचा मुद्दा थोडक्यात मांडते, कारण तो किमतीशी जोडलेला आहे. भारतासाठी म्हणून काढलेली तुमची बहुतेक मॉडेलं शिकाऊ गटातच आहेत. पीएसआर-आय500 मध्ये तबला-तानपुऱ्यावर रियाज करण्याची सोय आहे, तिचं मी मनापासून स्वागत केलं आणि क्लासमध्ये ती रोज वापरते. पण वादक वरच्या गटात गेला की त्याला भारतीय आवाज आणि ठेके स्वतः जमवावे लागतात, विकत घ्यावे लागतात किंवा महिनोन्‌महिने बसून बनवावे लागतात. लावणीची ढोलकी, कोळीगीताचा ठेका, गोंधळाचं संबळ, पोवाड्याचा डफ यांसाठी मी रात्री जागून स्टाईल, म्हणजे कीबोर्डने वाजवायच्या साथीचे नमुने, तयार केल्या आहेत. भारतातला ग्राहक कायम शिकाऊच राहणार, असं गृहीत धरूनच हे आखलेलं वाटतं आणि ते मनाला लागतं.

आणि हे जमवलेले आवाज ठेवायचे कुठे, तर तिथेही पायऱ्या. 2019 च्या एसएक्स700 मध्ये जादा आवाजांसाठी 400 एमबी जागा होती, एसएक्स900 मध्ये 1 जीबी, आणि जीनोस 2 मध्ये 3 जीबी आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या साध्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते. वाद्यातली मेमरी वेगळ्या प्रकारची असते, तिला लगेच आवाज द्यावा लागतो, हे मी समजू शकते. तरीही लाखाचं वाद्य घेणाऱ्याने एक बरी ढोलकी भरायची तर दुसरी सनई काढून टाकावी, याला तांत्रिक मर्यादा म्हणायला माझं मन तयार होत नाही. इथे जागा हे किंमत वाढवण्याचं साधन झालं आहे.

आमच्या गावात सतार आणि तानपुरा बनवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्या गल्लीत गेलात तर मोठा पुरुषी तानपुरा, थोडा लहान बायकी तानपुरा आणि प्रवासात नेता येईल अशी छोटी तंबोरी, तिन्ही भिंतीला टेकवून ठेवलेली दिसतील. पेटीचंही तसंच. तीन सप्तकांची 37 कीजची, सव्वातीनची 39 ची, साडेतीनची 42 ची. सुरांचे दोन संच किंवा तीन संच. स्केल चेंजर असलेली किंवा नसलेली. घडी घालून सुटकेससारखी उचलता येणारी. गिऱ्हाईक गातो काय, बसतो कुठे, प्रवास किती करतो, खिशात किती आहे, हे कारागीर आधी विचारतो आणि मग माप सांगतो. प्रत्येक मापाला आणि प्रत्येक सोयीला वेगळी किंमत असते. ती दर पायरीला थोडी थोडी चढते, आणि म्हणूनच पेटीवादक आयुष्यात दोन-तीनदा आपली पेटी बदलू शकतो. हाताने काम करणारी माणसं हे करतात. एवढे मोठे कारखाने असलेल्या तुम्हाला ते अशक्य कसं?

तुमचं उत्तर काय असेल याची मला कल्पना आहे. अरेंजरचा बाजार लहान आहे, मापं वाढवली की साचे, गोदाम, सुटे भाग यांचा खर्च वाढतो, मधलं मॉडेल काढलं तर वरच्याची विक्री घटते. यातलं पहिलं आणि दुसरं कारण मी गंभीरपणे घेते. पण यामाहाच्या शिकाऊ गटातली ई473 आणि ईडब्ल्यू425 ही जोडी पाहा. बरंचसं एकच वाद्य, एक 61 कीजचं, दुसरं 76 चं आणि थोड्या मोठ्या आवाजाचं, आणि किमतीतला फरक काही हजारांचा. शिकाऊ गटात नफा कमी असूनही हे परवडतं, तर दीड-दोन लाखांच्या गटात का परवडू नये? तिसरं कारण मात्र मला मान्य नाही. वरचं मॉडेल विकलं जावं म्हणून मधल्या माणसाला अडवून धरायचं, हा व्यवहार त्याच्या कष्टाच्या पैशावर अन्याय करणारा आहे. आणि तो वर जातही नाही, कारण त्याला जाता येत नाही. तो जुनं वाद्य दुरुस्त करत बसतो किंवा वॉरंटी नसलेला सेकंडहँड माल घेतो. तुमच्या तिजोरीत त्यातलं काहीच येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

मधल्या गटातल्या प्रत्येक मालिकेत निदान एक मॉडेल 76 कीजमध्येही द्या. आवाज, पडदा, बटणं सगळं 61 च्या मॉडेलसारखंच असू दे. किमतीतला फरक वाढलेल्या कीज आणि लांब खोका यांच्या खर्चाइतकाच ठेवा. स्पीकर नसलेला पर्याय देऊन किंमत आणि वजन खाली आणता आलं, तर तेही करा.

पूर्ण मापाच्या 49 किंवा 61 कीजचा, सहा किलोंच्या आतला, मधल्या गटाचं डोकं असलेला अरेंजर काढा. शिकाऊ मॉडेलांपैकी बरीच सेलवर चालतात, तशी यालाही सोय ठेवा. वीज जाते तेव्हा भजन थांबत नाही.

50 ते 60 हजारांच्या पट्ट्यात एक खरा अरेंजर आणा, ज्यात स्वतःच्या स्टाईल भरता येतील. चेन्नईजवळ यामाहाचा कारखाना 2019 पासून चालू आहे. लहान कीबोर्ड तिथे तयार होतात, तर या पट्ट्यातलं वाद्य तिथे का होऊ नये, याचा विचार व्हावा. भारतीय आवाज आणि ठेके प्रत्येक गटात मूळ वाद्यातच द्या आणि जादा आवाजांची जागा सगळ्यात खालच्या मधल्या मॉडेललाही 1 जीबीच्या खाली नको.

रोलँडला एक वेगळी विनंती आहे. 2011 मध्ये तुम्ही बीके-7एम नावाचा अरेंजरचा नुसता डबा काढला होता, कीज नसलेला. ज्याला जे माप परवडेल आणि पेलेल त्याने ते कीबोर्ड त्याला जोडावं, अकॉर्डियनवाल्याने अकॉर्डियन जोडावं. आकार आणि किंमत हे दोन्ही प्रश्न एकदम सोडवणारी ती कल्पना होती. आजच्या आवाजांसह ती परत आणा. इतर कंपन्यांनीही तसा डबा काढायला हरकत नाही.

शेवटची मागणी भारतातल्या कार्यालयांकडे. तुमच्या पाहण्या महानगरांतल्या शोरूममध्ये होत असाव्यात, असं मला वाटतं. पुढचं मॉडेल ठरण्याआधी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नाशिक, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणच्या कार्यक्रम करणाऱ्या वादकांना एकत्र बोलवा. आम्ही आमची वाद्यं घेऊन येऊ, कुठे हात अडतो ते वाजवून दाखवू आणि किती पैसे देऊ शकतो ते प्रामाणिकपणे सांगू. मिरजेत अशी बैठक भरवायची तर जागेची आणि वादकांना निरोप देण्याची जबाबदारी मी घेते. या पत्राला तुमच्यापैकी कोणी उत्तर दिलं, तर ते मी माझ्या सगळ्या सहवादकांना वाचून दाखवेन.

कळावे,
आपली नम्र,
मिरजेतील एक कीबोर्डवादक आणि शिक्षिका